परदेशी शाखेचे वाक्य

अर्जलेखनाच्या व्यवसायात मला सव्वीस वर्षे झाली. शिक्षण नववीपर्यंतचे असले, तरी कचेरीतील कित्येक पदवीधर मसुद्याच्या बाबतीत माझा सल्ला घेतात, हे येथे नम्रपणे नमूद करतो. अशा माझ्याही हातून एक वाक्य चुकीचे गेले.

अकोले तालुक्यात डोंगराकडच्या शाळकरी मुलींसाठी एक वसतिगृह आहे. ते चालवणाऱ्या ख्रिस्ती बाई माझ्याकडे नळजोडणीचा अर्ज लिहून घेण्यास आल्या होत्या. फार पूर्वी परदेशातील एका संस्थेने या कामाला हातभार लावला होता, असे त्या बोलता बोलता म्हणाल्या. अर्जाला वजन यावे म्हणून मी लिहिले, ‘सदर वसतिगृह ही परदेशस्थ मातृसंस्थेची भारतातील अधिकृत शाखा आहे.’ पहिल्या परिच्छेदात अर्जदाराला मोठे करण्याची आमच्यात रीत आहे. किराणा दुकानदारालाही आम्ही ‘प्रतिष्ठित व्यापारी’ लिहितो. बाईंनी विश्वासाने, न वाचताच सही केली.

नळ आला नाही, तहसील कचेरीतून नोटीस आली. परदेशी संस्थेची शाखा कोणत्या परवानगीने चालते, याचा खुलासा सात दिवसांत करावा, अन्यथा वसतिगृह बंद करण्यात येईल. वार्षिक परीक्षा तोंडावर होती. मुली एकदा घरी गेल्या असत्या, तर त्यांतल्या किती शाळेत परतल्या असत्या, देव जाणे.

“भाऊसाहेब, आमी कधी शाखा झालो?” बाईंनी नोटीस माझ्यापुढे ठेवली. “नाताळाला तिकडून एक कार्ड येतं. त्याच्याबिगर काय बी येत न्हाई.”

माझे वाक्य नोटिशीत जसेच्या तसे छापलेले होते. सरकारचा प्रश्न रास्त होता. बाहेरच्या देशातील संस्थेने येथे काम करायचे, तर येथील कायद्याची परवानगी घेतलीच पाहिजे. परंतु ही संस्था परकी नव्हतीच. धर्मादाय कार्यालयाचे नोंदणीपत्र बाईंच्या कपाटात होते आणि विश्वस्त सगळे तालुक्यातलेच.

सुनावणीला मी सोबत गेलो. तहसीलदारसाहेबांनी कागद चाळून बाईंना विचारले, “मग हे खोटं का लिहिलंत?”

बाईंनी माझे नाव घेतले नाही, माझ्याकडे पाहिलेही नाही.

“वाक्य माझे आहे, साहेब,” मी म्हणालो. “शोभेसाठी घातले.”

“तुमच्या शोभेपायी पोरी घरी बसल्या असत्या, महाराज!” मग ते बाईंकडे वळले. “परदेशातून कोणाचा हुकूम चालतो का तुमच्यावर?”

“न्हाई साहेब. हुकूम चालतो तो आमच्या स्वयंपाकीणबाईचा. तिच्यापुढं माझं बी चालत न्हाई.”

साहेब हसले आणि माझ्या छातीवरचा दगड हलला. त्यांनी तिथेच दुरुस्तीचा जबाब लिहायला सांगितला. मी दीड पान लिहिले. त्यांनी चार ओळी ठेवून बाकीच्यावर काट मारली. एरवी मला ते सहन झाले नसते. नोंदणीपत्र पडताळून त्यांनी शेरा दिला : संस्था स्थानिक, नोटीस मागे.

बाहेर येताच बाईंनी वसतिगृहाला फोन लावला. “पोरींनो, बांधलेल्या पेट्या सोडा. अभ्यासाला बसा.” पलीकडून असा गलका उठला, की त्यांना फोन कानापासून दूर धरावा लागला.

“नळाचा अर्ज परत लिवावा लागंल,” त्या मला म्हणाल्या. “तुमीच लिवा. पन सहीच्या आधी मला वाचून दाखवायचा.”

ही अट मी आजवर कोणाचीही मानलेली नव्हती. त्यांची तत्काळ मानली.