कुठली वाडी?

"कुठली वाडी?" बाईंनी विचारलं.

हसत विचारलं. हातात शाळेचा फोल्डर, गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र. शनिवारची सकाळ होती. मस्कतच्या समुद्राकडच्या एका खाजगी शाळेचा ओपन डे. माझ्या मुलीला, प्रज्ञाला, नववीसाठी शाळा बघायला मी गेलो होतो. ती माझ्या शेजारीच उभी होती. बाई तिथल्या शिक्षिका नव्हत्या. त्यांची दोन मुलं त्या शाळेत होती आणि नव्या पालकांना शाळा फिरवून दाखवायचं काम त्या हौसेनं करत होत्या. माझ्या शर्टावरचं नावाचं स्टिकर वाचून त्या इंग्रजीवरून मराठीवर आल्या. "अय्या, मराठी!" मग गाव विचारलं. चिपळूणच्या बाजूचं, म्हणालो. त्यांचं माहेर तिथून जवळच निघालं. आता आडनाव आणि गाव दोन्ही त्यांच्या हातात होतं, पण तेवढ्यानं भागेना. आमचं आडनाव कोकणात चार-पाच जातींत सापडतं.

म्हणून वाडी.

कोकणातल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे गाव म्हणजे सात-आठ वाड्या. प्रत्येक वाडी एकेका जातीची. नावातच असतं, किंवा जवळपासच्या माणसाला नावावरून कळतं. जात विचारली तर माणूस हलका ठरतो. वाडी विचारली तर आपुलकी ठरते.

"वादी अदाई," मी म्हणालो.

बाई खळखळून हसल्या. हा माझा जुना विनोद. रुवी आणि आमरातच्या मधल्या वादी अदाईत आम्ही अकरा वर्षं राहतो. अरबीत वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. आमची वाडी म्हणजे वादी, असं म्हटलं की मराठी लोक हसतात आणि विषय बदलतो. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, विमानतळावरच्या रांगेत, कामावर. किती वेळा वापरला असेल ते मोजलेलं नाही. एरवी मी सगळं मोजतो.

मोजणं हेच माझं काम. मस्कतजवळच्या बरका गावात समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे, तिथे मी मीटर तपासतो. काटा जे दाखवेल ते लिहायचं. एकवीस वर्षांत एक खोटं रीडिंग लिहिलेलं नाही. साहेबानं सांगितलं तरी नाही.

हा विनोद मी इब्रीत शिकलो. म्हणजे त्याची गरज तिथे कळली. ओमानात आलो तेव्हा पहिली नोकरी इब्रीला होती. एका खोलीत आठ जण, त्यातले पाच मराठी. स्वयंपाकाची पाळी लावलेली. मी तीन आठवडे सगळ्यांना भात-आमटी करून घातली आणि सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली. मग रत्नागिरीकडचा एक सुपरवायझर आला. त्यानं दुसऱ्याच दिवशी विचारलं, कुठली वाडी? मी खरं सांगितलं. तेव्हा खरं सांगायची सवय होती. त्या शुक्रवारी भिंतीवर नवीन पाळीपत्रक लागलं. स्वयंपाकात माझं नाव नव्हतं. भांडी आणि संडास, आठवड्यातून चार दिवस.

"तुझा भात चिकट होतो रे," सुपरवायझर म्हणाला.

तांदूळ तेच होते. पाणी मी पेल्यानं मोजून घालत होतो. पावणेदोन वर्षं भांडी घासली. मग मस्कतकडे दुसरं काम मिळालं आणि मी ठरवलं, आता खरं सांगायचं नाही. खोटंही नाही. हसून टाळायचं.

आता शाळांचं सांगतो, कारण त्या दिवशी मी शाळा बघायला गेलो होतो, जात सांगायला नाही.

आदल्या शनिवारी आम्ही भारतीय मुलांची जी मोठी सार्वजनिक शाळा आहे, पालकांच्या मंडळानं चालवलेली, तिथे जाऊन आलो होतो. बायको रेखाही होती. दोन्ही शाळांसाठी मी चौकटीच्या वहीत तेच रकाने आखले होते. पहिल्या शाळेत नववीच्या एका तुकडीत सत्तेचाळीस मुलं. सायन्स लॅबमध्ये बारा बर्नर, त्यातले चार पेटत होते. मी बाराही पेटवून बघितले. रांगेत पन्नास मिनिटं. ऊन डोक्यावर, आणि गेटवरचा माणूस सगळ्यांवर ओरडत होता, "लाइन में! लाइन में! यल्ला, चलो!" मोठ्या गाडीतून आलेल्यांवरही तेवढंच. मुख्याध्यापिकांनी आम्हाला अडीच मिनिटं दिली, त्यातलं एक मिनिट फोनवर. पण गणिताच्या मॅडमनी प्रज्ञाला कागद दिला, एक उदाहरण घातलं, आणि तिची चूक कुठल्या पायरीला झाली ते पेन्सिलीनं गोल करून दाखवलं. ते मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

खाजगी शाळेत एका तुकडीत बावीस. दोन मुलांमागे एक बर्नर, सगळे चालू. कॉफी. थंड खोली. विज्ञानाच्या सरांनी चौदा मिनिटं दिली. गणिताच्या सरांनी मात्र प्रज्ञाची वही न उघडताच "फँटॅस्टिक" म्हटलं, आणि पुढच्या मुलालाही तेच म्हटलं. तेही लिहिलं. फी आमच्या आवाक्याबाहेरची, पण माझी कंपनी एका मुलाच्या शिक्षणाचा मोठा वाटा उचलते, आणि आम्हाला एकच मूल आहे. प्रज्ञाला रसायनशास्त्र शिकायचं आहे. तिनं प्रकल्पावर माझ्याबरोबर पाण्याच्या चाचण्या बघितल्या आहेत आणि तेव्हापासून दुसरं बोलत नाही. म्हणून लॅबचा रकाना सगळ्यांत रुंद होता.

तर बाई हसल्या. पण विषय बदलला नाही.

"वादी नाही हो, वाडी! गावाकडची. आमच्या माहेरची माणसं तिथे सगळ्यांना ओळखतात, म्हणून विचारते."

प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. लॅबचं दार समोर होतं. अजून विचारायचे तीन प्रश्न राहिले होते. मी दमलो होतो. खरं सांगायचं तर मी त्या एका सकाळीमुळे दमलो नव्हतो.

"मधली वाडी," मी म्हणालो.

मधली वाडी आमच्या गावात आहे. तिथे आम्ही राहत नाही. तिथे माझी आई पत्रावळी पोचवायला जायची आणि मागच्या दारी उभी राहायची.

"हां, म्हणजे आपल्यातलेच!" बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला.

"बाबा," प्रज्ञा म्हणाली. तिचं मराठी अडखळतं. घरात बोलते तेवढंच. "बट आपली वाडी ती नाही ना? आपली... ती बोर्डवाली. आजीच्या घराकडे टर्न घेतो तिथे. बौद्धवाडी."

बाईंचा हात माझ्या दंडावरून निघाला. किती वेळात, ते मला सांगता येईल. एका सेकंदाच्या आत.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "अच्छा, अच्छा. छान." फोल्डर एका हातातून दुसऱ्या हातात गेला. "तुमच्या लोकांत हल्ली शिक्षणाची खूप जागृती आहे हं. कौतुक वाटतं." मग जरा हळू आवाजात, माझ्या भल्यासाठी सांगावं तसं, "पण एक सांगू का? इथे सगळं मेरिटवर असतं. तिकडच्यासारखा कोटा वगैरे इथे नाही. मुलांनाच मग जड जातं."

मुलांना. माझी मुलगी समोर उभी होती. तिला कोटा हा शब्द बहुतेक कळला नसेल. आवाज कळला.

पहिल्या शाळेत सगळ्यांचा सारखाच अपमान होत होता. इथे माझा निवडून झाला. आणि त्याच्या आधी मीच माझ्या मुलीदेखत खोटं बोललो होतो. बाईंनी जे केलं ते इब्रीच्या सुपरवायझरनं केलं तेच. पण खोटं रीडिंग माझं होतं.

"मॅडम," मी म्हणालो, "मी कोटा मागितला नाही. एका बर्नरमागे किती मुलं, एवढंच विचारायला आलोय."

"अहो, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. मी आपलं सहज विचारलं."

"मीही सहजच खोटं बोललो. ते आता दुरुस्त करतो. मुलगी सांगते ते बरोबर आहे. बौद्धवाडी. तुमच्या माहेरी विचारा. माझ्या आईला ते ओळखतात. मागच्या दारानं ओळखतात."

आवाज चढला नव्हता. मला आवाज चढवता येत नाही. तरी कॉफीच्या टेबलाजवळचे दोन गोरे पालक वळून बघू लागले. बाई "एक्स्क्यूज मी" म्हणून दुसऱ्या कुटुंबाकडे गेल्या. तेही मराठी होतं. त्यांना कुठली वाडी विचारलं का, ते मी ऐकलं नाही. मी प्रज्ञाला घेऊन लॅबमध्ये गेलो आणि राहिलेले तीन प्रश्न विचारले. उत्तरं लिहून घेतली. त्या पानावरचं अक्षर बिघडलं आहे.

गाडीत प्रज्ञानं पट्टा लावला आणि विचारलं, "बाबा, तुम्ही लाय का केलं?"

मी तिला इब्री सांगितलं. भात, पाळीपत्रक, भांडी. संडासही सांगितला. आमरातच्या रस्त्याचं वळण येईपर्यंत पुरलं. पहिल्यांदाच सांगत होतो. मला वाटत होतं, तिला धक्का बसेल.

"आय नो," ती म्हणाली. "म्हणजे इब्रीचं नाही. पण ते असतं, मला माहितीये."

"कसं?"

"सिक्स्थमध्ये 'माय व्हिलेज' प्रोजेक्ट होतं ना. मी आजीचं घर काढलं आणि बोर्ड काढला. मग दोन मुली माझा टिफिन शेअर करायच्या बंद झाल्या. एकीच्या मम्मीनं सांगितलं होतं."

सहावीत. म्हणजे दोन वर्षांहून जास्त झालं.

"मला का नाही सांगितलंस?"

तिनं खिडकीबाहेर बघितलं. "तुम्ही घरी ते कधीच बोलत नाही. मला वाटलं, बोलायचं नसतं."

मी गाडी बाजूला घेतली. मागून कुणी तरी हॉर्न वाजवला. मला वाटत होतं, मी गप्प राहून तिला वाचवतोय. ती अकरा वर्षांची होती, रोज एकटी डबा खात होती, आणि माझ्याच घरातून शिकली होती की गप्प राहायचं. हे रीडिंग माझ्या वहीत नव्हतं.

रेखा एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करते. दुपारी ड्युटीवरून आली. प्रज्ञानंच तिला सगळं सांगितलं, माझ्या खोट्यासकट. रेखाची पर्स खांद्यावरच होती.

"नको ती शाळा," मग म्हणाली. "रोज त्या बाईच्या पोरांशेजारी बसायचं? गावात तेच, इथे तेच. मग एवढं लांब आलो कशाला?"

"तिचा डबा टाळणाऱ्या मुलींच्या आयाही याच शहरात राहतात," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे बाईंना टाळायची शाळा कुठेच नाही. मग लॅब बघू या."

रेखानं वही ओढून घेतली. रकाने वाचले. "यात अपमान कुठे लिहिलायस?"

"नाही लिहिला. तो मोजला तर त्या बाईनं शाळा ठरवली असं होईल."

"तुझं आपलं गणित," ती म्हणाली. पण वही बंद केली नाही. मग प्रज्ञाकडे वळली. "तुला काय वाटतं गं?"

"बर्नर," प्रज्ञा म्हणाली. "आणि मॅथ्सची ट्यूशन त्या पहिल्या शाळेच्या मॅडमकडे मिळेल का, विचारा."

तिथेच ठरलं. खाजगी शाळेत अर्ज मी रविवारी कामावरून येताना दिला. मुलाखत पुढच्या आठवड्यात, सोमवारी आहे. बाई तिथे असतील. असोत. प्रज्ञाला जे विचारतील त्याचं उत्तर ती देईल. तिच्या वतीनं मी पुन्हा कुणाला काही सांगणार नाही आणि तिच्या वतीनं काही लपवणारही नाही. मराठी मंडळाच्या लोकांना माझी वाडी कुठली ते मी आपण होऊन सांगितलं आहे. काही जण पूर्वीसारखे बोलतात. काहींचे फोन थांबले. यादी माझ्याकडे आहे.

त्या शाळेत कुणी तिचा डबा बाजूला सारला, तर मी तिला दुसऱ्या शाळेत घालणार नाही. मी शाळेत जाईन. लेखी तक्रार देईन, तारीख घालून, पोच घेऊन. उत्तर आलं नाही तर परत जाईन. रजा शिल्लक आहे. मला आवाज चढवता येत नाही, पण मला पुन्हा पुन्हा जाता येतं. इब्रीतून मी निघून आलो होतो. इथून आम्ही निघणार नाही.