लेण्याच्या दाराशी आई

परवा उदगीरला एका जुन्या गोदामात वटवाघळांचा उग्र वास आला आणि खरोशाची लेणी आठवली.

भूकंपाला दोनेक वर्षं झाली होती. आईनं मला शिकायला लातुरात क्लासला ठेवलं होतं. ती भेटायला आली, तेव्हा डोंगरातली ती कोरीव लेणी दाखवायला मी तिला हौसेनं नेलं. पण ती दाराशीच बसली. "मी न्हाई येत. वर दगड हाय."

"अगं, शेकडो वर्षं पडला न्हाई तो."

"आपलं घरबी आदल्या दिवसापस्तोर पडलं न्हवतं."

मी एकटाच आत गेलो. अंधारात नरसिंहाचा जबडा जरा कुठं दिसू लागला, तोच हाक आली, "ए दत्ता."

"हाव."

पुढच्या भिंतीवरचा रावण न्याहाळू लागलो, तर पुन्हा, "दत्ता, हायस का?" शेवटी वैतागून बाहेर आलो.

"काय बघितलंस रं?"

"तू काय बघू दिलंस? किती वेळा सांगू, मी हाय म्हणून?"

तिनं भाकरीचं फडकं सोडलं. भूकंपाच्या पहाटे ढिगाऱ्याखालून मी तिच्या हाकेला "हाव" म्हणालो, म्हणूनच लोकांनी तिथं उकरलं होतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, तरी राग यायचा तो आलाच.