रोलची कातडी

नजीरभाईंच्या सस्पेंशनचं पत्र टाइप करायला आलं माझ्याकडेच. मी माणगावची, बारावीवर टायपिस्ट म्हणून कारखान्यात लागलेली. प्रोग्रॅम लिहायला पुस्तकं वाचून शिकले. पुढे रोल शॉपची सगळी कॉम्प्युटरची कामं माझ्याकडे आली, पण पत्र म्हटलं की साहेबांना अजून मीच आठवते.

झालं होतं असं. मिलमध्ये लालबुंद पोलाद दोन अजस्र लाटण्यांमधून काढलं की पत्रा होतो. ही लाटणी म्हणजे रोल. त्यांच्यावर सतत पाण्याचे फवारे लागतात. तर एका रोलच्या टोकाला तडे जाऊन कपचा उडाला. रोल फुटला की आधी ते घासून देणाऱ्या रोल शॉपला धरायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. रोल ग्राइंडरवर घासून गुळगुळीत करायचे नजीरभाई. म्हसळ्याचे, रिटायरमेंटला वर्ष राहिलेलं. म्हणे, घासताना त्यांनीच रोल जाळला.

पुरावा काय, तर कन्सल्टंटचं सिम्युलेशन, म्हणजे मिलमध्ये रोल कुठे किती तापतो याचं कॉम्प्युटरवर मांडलेलं गणित. त्यात रोल गारच, म्हणजे मिलमध्ये तापला नाही, घासतानाच जळला. पत्र बाजूला ठेवून मी रिपोर्ट वाचला. आठव्या पानावर पोचले आणि डोकंच फिरलं. गणित लवकर उरकावं म्हणून त्यांनी सगळी उष्णता अख्ख्या रोलला सारखी वाटून टाकली होती. अहो, तव्याला बोट टेकलं तर बोटालाच फोड येतो ना? तो चटका सगळ्या अंगाला वाटून ‘बाई गारच होती’ म्हणाल का? रोलचीही कातडीच भाजते, आणि तडे तिथेच जातात.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, त्यांच्याकडे पीएचडी झालेली माणसं आहेत.”

“असतील. रोलला ते ठाऊक नाही.”

“सविस्तर गणिताला आठवडा जाईल. पत्र उद्या जायचंय.”

आठवडा कशाला? एका फेऱ्यात उष्णता जेमतेम कातडीत शिरते. मग कातडीचे बारीक पापुद्रे धरायचे आणि आतल्या गाभ्याचे मोठे तुकडे. माझा प्रोग्रॅम तेच करायचा. चहा पिऊन येईतो उत्तर तयार. सगळे फवारे चालू धरले तर एकाच टोकाला तडे जायचं कारण दिसेना. त्या टोकाचे बंद धरले, तर नेमका तोच पट्टा भाजून निघाला.

मिलच्या डायरीत रोज ‘पाणी ठीक’ लिहिलेलं. ते शिफ्टच्या सुरुवातीलाच लिहून टाकतात, हे सगळ्यांना माहीत. मी हट्टच धरला, फवाऱ्यांचा पाइप उघडा. साहेब आले, नजीरभाईही आले. गणपत फिटरने टोकाच्या फवाऱ्याची तोटी, म्हणजे नोझल, काढली आणि उलटी करून दाखवली. आत काळी खपली गच्च बसलेली.

“यातून पाणी जातंय व्हय? न्हाय जात,” तो म्हणाला.

नजीरभाई शांतपणे म्हणाले, “साहेब, आता या पाइपाला सस्पेंड करा.”

पत्र गेलं नाही. नव्या रिपोर्टात ‘तांत्रिक कारण’ एवढंच आलं. नजीरभाईंची कोणी माफी मागितली नाही. उलट साहेब मला म्हणाले, “तुमचा प्रोग्रॅम कन्सल्टंटला देऊन टाका.”

मी म्हटलं, देते. आधी नजीरभाईंची माफी मागायचं पत्र टाइप करते, त्यावर सही करा. सही तिसऱ्या दिवशी झाली. तेवढे दिवस प्रोग्रॅम माझ्याच खणात होता.

गणित झटपट करावं, मी जन्मभर तेच केलं. फक्त त्यात काय गाळलं ते पहिल्या पानावर लिहावं, आठव्यावर नव्हे.