सव्वासात म्हणायचं होतं

आमच्याकडे पलटणीतून पेन्शनवर आलेल्या हवालदारालाही लोक मेजर म्हणतात. मीही त्यातलाच एक मेजर. महाडला मैदानावर भरतीची पोरं पळवतो, आणि पळणं आटोपलं की चवदार तळ्याजवळच्या टपरीवर आम्ही चार-पाच म्हातारे फौजी चहा पीत सैन्य कसं चालवावं ते ठरवतो.

मुलींना भरतीत घ्यायला लागल्यापासून तिथे रोज जुंपायची. "बराकीत कुठे ठेवणार त्यांना? बर्फातल्या चौकीवर काय करणार?" असं एक जण म्हणायचाच. मी तावातावाने मुलींची बाजू घ्यायचो. "बंदुकीला काय कळतं, धरणारा हात कुणाचा ते?" असं मी एकदा म्हणालो, तर टपरीवाल्यानेही मान डोलावली. त्या दिवशी मी स्वतःवरच खूष होतो.

माझ्या मैदानावर मुलगी एकच होती. पोलादपूरकडच्या बौद्धवाडीतली, पहिल्या एसटीने यायची. लेखी परीक्षा पास झाली होती. उरलं होतं पळणं, सोळाशे मीटर, आठ मिनिटांच्या आत. वयाच्या अटीमुळे तिची ती शेवटची भरती होती.

माझा नियम असा की मैदानावर मोबाईल नाही, मनगटावर घड्याळ नाही. वेळ उस्ताद, म्हणजे शिकवणारा मी, सांगेल ती खरी. ही शिस्त मी पलटणीतून आणली होती आणि तिचा मला भारी अभिमान.

एका सकाळी ती धापा टाकत माझ्यापुढे थांबली. "किती, सर?" स्टॉपवॉचवर सव्वासात होते. मी म्हणालो, "सव्वाआठ." जीभ घसरली, शपथेवर सांगतो. तिचा चेहरा उतरला. तेव्हाच "अगं, चुकलो मी" म्हणायचं होतं. पण मला आतून बरं वाटलं, आणि त्याचीच लाज आजवर जात नाही. बर्फातल्या चौकीवर मला ती नकोच होती. मुलगी म्हणून नको होती, की आम्हा जमीनवाल्यांच्या पोरांना मागे टाकणारी त्या वाडीतली म्हणून, हे मी स्वतःला अजून धड विचारलेलं नाही.

मग चूक झाकायला रोज खोटं बोलणं आलं. पंधरा दिवस मी मिनिटभर वाढवून सांगत होतो. ती आणखी जीव तोडून पळायची. एकदा तर सात मिनिटं पाच सेकंदांत आली. मी म्हणालो, "आठ-पाच. थोडक्यात गेलं गो."

शेवटी तीच म्हणाली, "आठच्या आत येतच नाय, सर. पुण्याला भरतीला जाऊन काय करू? उगाच हसं व्हायचं."

"तुझी मर्जी," मी म्हणालो. भरतीच्या दिवशी डोकं दुखतंय सांगून घरी पडून राहिलो. टपरीवर त्यानंतरही मी मुलींच्याच बाजूने बोलत होतो.

मागच्या महिन्यात पाहुण्यांना रोपवे दाखवायला हिरकणीवाडीला नेलं. भज्यांच्या एका टपरीवर ती उभी, कढईपाशी तिचा नवरा. मला पाहताच पदराला हात पुसत पुढे आली, वाकून पाया पडली.

"हे माझे सर," ती नवऱ्याला म्हणाली. "दुसरा असता तर गोड बोलून आशा लावली असती. यांनी कधी खोटं सांगितलं नाय."

मी ताटलीतलं भजं नुसतंच चिवडत होतो. पाहुणे कौतुकाने माझ्याकडे बघत होते.

"धाकटी बहीण हाय माझी, सर. भरतीचंच म्हणते. तिला तुमच्याकडेच पाठवते. तिला सांगून ठेवलंय, सर नाय म्हणाले की नाद सोडायचा."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी.

"पाठव," म्हणालो.