बीपी नॉर्मल

दुपारची ओपीडी आटोपली आहे. डॉक्टर हेमंत बुरांडे खुर्चीतच मान टाकतात. डोळा लागतो न लागतो तोच समोरच्या टेबलावर मनवा दिसते. पाच वर्षांची पोर, मार्चमध्ये त्यांच्याच वॉर्डात दगावलेली.

"काका, माझं पाय बघा की."

"बीपी नॉर्मल आहे तुझं," डॉक्टर म्हणतात. स्वप्नातसुद्धा तेच! सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

ती पाय त्यांच्या हातात देते. गारठलेले. डॉक्टर अंगठा दाबून सोडतात. पांढरा डाग उमटतो. एक, दोन, तीन, चार... लाली परतत नाही. दोन सेकंदांत परतायला हवी, हे ते स्वतःच सिस्टरांना शिकवतात. जंतुसंसर्ग रक्तात भिनला तरी लेकरांचं बीपी सगळ्यात शेवटी पडतं, हेही शिकवतात. त्या सकाळी मात्र त्यांनी या पायांना हात लावला नव्हता. "डाक्टर, पाय लई गार लागत्यात," असं आई सांगत होती, आणि ते म्हणाले होते, बीपी नॉर्मल आहे, मोजे घाला. सलाइन आणि अँटिबायोटिक पहिल्या तासात जायला हवं होतं. तीन तासांनी सुरू झालं, तोवर पोर हातची गेली होती.

वॉर्डाची आता पिठाची गिरणी झाली आहे. शटर बंद. बाहेर मनवाची आई वंदना दळणाचा डबा घेऊन उभी आहे.

"उघडायला तास हाय अजून," मनवा सांगते. "मम्मी आता समदीकडं लवकर जाती. एसटीला, रेशनला, समदीकडं. तुम्हीच म्हणालासा न्हवं, आणाय उशीर केला म्हणून?"

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. म्हणाले होते. बाई ऊर फुटून रडत होती आणि त्यांनी आपलं पाप तिच्या पदरात घातलं होतं.

"सांगा की तिला."

वंदना वळून बघते. डॉक्टर तोंड उघडतात. "बीपी..." एवढंच बाहेर येतं.

"डॉक्टर, पेशंट आलाय," दारातून सिस्टर हाक मारतात.

ते दचकून जागे होतात. हातात पेन आहे. समोरच्या लेटरहेडवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे: 'आई वेळेवर आली होती. उशीर मी केला.' खाली सही.

पहिला हात जातो तो कागद चुरगळायलाच. याचीही त्यांना लाज वाटते.

"सिस्टर, मनवा साळुंखेचा केसपेपर काढा. पत्ता हवाय."

"आता कशाला, डॉक्टर?"

ते कागद सिस्टरांच्या हातात देतात, आणि त्या वाचत असताना मान वर करत नाहीत.