आकडीचं नाव

पोहता येणाऱ्या माणसाचा आत्याला मनापासून तिटकारा होता. माझी ती सख्खी आत्या, पण दाभोशात सगळेच तिला आत्या म्हणायचे. डोहाच्या वाटेवर ती काकड्या आणि भाजलेली कणसं विकायची. जव्हारहून जीप भरून पर्यटक आले, की गिऱ्हाइकाला आधी विचारायची, पोहायला येतं का? मोठ्या ऐटीत 'येतं' म्हणणाऱ्याला सांगायची, "मग काकडी आत्ताच खाऊन घे."

स्वतः ती घोट्याच्या वर पाण्यात कधी गेली नाही. तिच्याजवळ आंबे उतरवायची आकडी होती, लांबलचक बांबू आणि टोकाला बांधलेलं वाकडं लाकूड. कोणी गटांगळ्या खायला लागला, की ती खडकावर पालथी पडायची, दोघांना आपले पाय धरायला लावायची आणि आकडी पुढे करायची. वर आलेल्याला आधी पाणी ओकू द्यायची, मग शिव्या. एका बहाद्दरानं डोळे उघडल्याउघडल्या मोबाइल कुठाय म्हणून विचारलं. आत्या म्हणाली, "काठावरच आहे. तुझ्यापेक्षा शहाणा."

गावाला हा सगळा भित्रेपणा वाटायचा. खोटं कशाला बोलू, मलाही वाटायचा. मी जीप चालवायचो, अंगात मस्ती होती. एका श्रावणात माझ्याच जीपमधला एक दीडशहाणा बुडायला लागला आणि मी उडी घेतली. त्यानं माझ्या मानेलाच मिठी मारली. दोघंही खाली गेलो. पुढचं आठवतं ते एवढंच, की माझ्या कॉलरमध्ये आकडी अडकली होती, तो अजून माझ्या मानेला लटकलेला होता आणि वरून आत्या माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

मग माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, माइक, सगळा तमाशा. मी छाती फुगवून सांगितलं, जिवाची पर्वा केली नाही, सरळ उडी मारली. बाहेर कोणी ओढलं ते गिळून टाकलं. सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या काशिनाथनं. तोही माझ्यासारखा जीपवालाच. तेव्हा मला लाज वाटली नाही, याची आता किळस येते. घरी जाताना आत्याला म्हणालो, तुझं नाव घ्यायचं राहिलंच बघ. ती रस्त्यावर थुंकली.

"माझं नाव गेलं खड्ड्यात. आकडीचं घ्यायचं होतंस, मूर्खा. आता तुझं ऐकून कोणीतरी उडी मारील."

पुढच्या उन्हाळ्यात आत्या तापानं गेली. आकडी पडवीत तशीच पडून राहिली, डोहावर न्यायचं कोणाला सुचलं नाही. पावसाळ्यात काशिनाथच्या जीपमधून आलेली एक बाई फोटो काढताना घसरली. काशिनाथनं उडी मारली. बाई खडकाला धरून बाहेर आली. काशिनाथ दुसऱ्या दिवशी नदीच्या खालच्या वळणाला सापडला.

दहाव्याला त्याच्या बायकोनं चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, ते सारखं तुमचंच सांगायचे. तुम्ही वर आलात. मग ते का नाही आले?"

तेव्हा मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. मानेला पडलेली मिठी, आकडी, आत्या. मी कोणाला वाचवलं नव्हतं, मलाच वाचवलं होतं.

मग तिनं विचारलं, "हे त्यांना सांगितलं होतं?"

मी नाही म्हणालो. ती उठली, माझ्यापुढचा भरलेला कप उचलला आणि आत घेऊन गेली.