मंदाचा हात पिठात होता

ये गं सुधे, अशी जवळ ये. खाली मान घालून नखं नको बघूस. बघायचंच तर बोट दाखव मला. कोरं! मतदानाची सुट्टी मिळाली तर पोरगी मैत्रिणी घेऊन माथेरानला गेली, घोड्यावर बसली, चिक्की खाल्ली, आणि वर पत्रातून मलाच विचारते, "आजी, एका मतानं काय होतं?" काय होतं ते मला ठाऊक नाही. पण एका मतासाठी काय काय करतात ते मी भिवंडीला बघून आलेय, नव्वदच्या निवडणुकीत. तेच लिहिते. चौथीनंतर मी जे शिकले ते वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचून, तेव्हा माझ्या प्रवासवर्णनात सूर्यास्त शोधू नकोस. धूळ हवी तेवढी मिळेल.

मी पेण सोडलं ते रागानं. मतदारयादीत माझं नाव नव्हतं, आणि तुझ्या आजोबांचं होतं. त्यांना जाऊन किती वर्षं झाली! म्हणजे मेलेला माणूस मत देऊ शकत होता आणि मी जिवंत बाई घरी बसणार. मग कशाला बसू? पिशवीत दोन लुगडी आणि मिरगुंडांचा डबा घातला आणि निघाले भाचीकडे. मंदा, माझ्या भावाची मुलगी, भिवंडीजवळ राहनाळला दिलेली.

पनवेलला गाडी बदलली, ठाण्याला पुन्हा बदलली. भिवंडीच्या गाडीत माझ्या शेजारी एक गोरी पोरगी येऊन बसली. विशीतली, केस कापलेले, मांडीवर तान्ह्या मुलासारखी धरलेली कापडी पिशवी. कशेळीचा पूल ओलांडला आणि तिनं एकदम खिडकीबाहेर बोट दाखवलं. रस्त्याकडेला ताडाएवढा उंच शेठ उभा होता. लाकडी चौकटीवर रंगवलेला, हात जोडलेले, कपाळभर टिळा, डोक्यावर कावळा.

"भगवान?" पोरीनं हिंदीत विचारलं.

"नाही गं बाई. उमेदवार."

ती खुदकन हसली. मग पुढे दुसरा शेठ आला, तिसरा आला, आणि तिचं हसू कमी कमी होत गेलं. या बघण्याच्या नादात कंडक्टरनं राहनाळला घंटी मारली की नाही ते मला कळलंच नाही. थेट भिवंडी स्टँडवर उतरलो. कंडक्टर म्हणतो, "मावशी, मी ओरडलो की!" ओरडला असेल. त्या गावात कोण ओरडलं ते कुणाला ऐकू येतं? घराघरात लूम, म्हणजे यंत्रमाग, रात्रंदिवस खटक-खटक. हवेत कापसाची तूस उडते, माणसं ड्युटीवरून बाहेर पडतात ती म्हातारी होऊनच, भुवयासुद्धा पांढऱ्या. आणि त्या खटखटीवर मात करायची म्हणून रिक्षांवर कर्णे. एका कर्ण्यातून लग्नाच्या गाण्याच्या चालीवर शेठची आरती, दुसऱ्यातून त्याच चालीवर विरोधकाची. एवढ्या मोठ्या पक्षांना एक वेगळी चाल सुचू नये!

त्या पोरीचं नाव इनेस. देश चिली. नकाशात बघ, जगाच्या पार खालच्या कडेला पडवळासारखा लोंबतोय. तिची मावशी गणेशपुरीच्या आश्रमात राहिली होती, आणि ही तिच्या सोबतीला आलेली. मावशीला शांती हवी होती, हिला तारा. वाद्याच्या तारा तुटल्या म्हणून मुंबईला जाऊन घेऊन आली, तर इथं आश्रमाकडं जाणाऱ्या वज्रेश्वरीच्या गाड्याच नाहीत.

"सब इलेक्शन ड्यूटी में गया," चौकशीच्या खिडकीतला माणूस डोळे न उघडता म्हणाला. "परसों आना."

अनोळखी गावात एकटी पोर सोडायची कशी? म्हटलं, चल माझ्याबरोबर. स्टँडवरच्या मुसलमान चहावाल्या चाचांनी आश्रमाशेजारच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला, चहाचे पैसे घेतले नाहीत, वर मला म्हणाले, "आपा, पाहुणी आहे, जपून न्या. आज सगळे नशेत आहेत, कुणी दारूच्या, कुणी भाषणाच्या." भिवंडीत त्या दिवशी ऐकलेलं शहाणं बोलणं एवढंच.

राहनाळला पोचलो तर मंदा घरी नाही. हंडा घेऊन विहिरीवर गेलेली. विहीर घराच्या मागंच, मंदाच्या लग्नानंतर मी आले होते तेव्हा चुलीवर डाळ ठेवून पाणी आणायचो. आता मध्ये एक भिंत. शेठचं गोदाम! गावाची पायवाट पोटात घालून भिंत अशी ऐटीत उभी, आणि बायका साऱ्या गावाला वळसा घालून पाण्याला जातात. मंदा आली ती घामानं निथळत. मला पाहून आधी हसली, मग गोरी पोरगी पाहून पदर सावरला.

तिचा सासरा, तात्या, ओटीवर मिशीला पीळ देत बसलेला. "या आत्याबाई. बऱ्या टायमाला आल्या. आपल्या शेठची हवा हाय."

"भिंत तुमच्याच शेठची ना?"

"भिंतीचं काय घेऊन बसल्या? गावाला ब्यांजो देतोय तो!" (ब्यांजो म्हणजे लग्नात, हळदीत वाजवतात तो अख्खा ताफा, नुसतं एक वाद्य नव्हे, ढोल-ताशे सगळं आलं त्यात.) "गावदेवीच्या पुढं नारलावर हात ठेवून शब्द दिलाय सगल्या घरांनी. आमच्या घरातली सगली मतं शेठला."

म्हणजे बघ, पाण्याची वाट दिली आणि ढोल घेतला. असे हे गावचे कारभारी.

रात्रीच्या जेवणाला तांदळाच्या भाकरी आणि निवट्यांचं कालवण. (निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. तू पुण्याला गेल्यापासून सगळं विसरलीस म्हणून सांगते.) इनेसनं आधी डोळे विस्फारले, मग ताट चाटून पुसून स्वच्छ केलं. मंदाची नणंद रेखा भिवंडीच्या कॉलेजात जाते, तिला इंग्रजी येतं. तिच्या तोंडून आमचं बोलणं चाललं. रेखानं आपली शिकवणीतली इंग्रजी पाजळली. "तुझा आदर्श कोण?"

इनेस पटकन म्हणाली, "कुणी नाही." मग भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून सांगत राहिली. तिच्या शाळेत प्रत्येक वर्गात एका जनरलचा फोटो असायचा. सैन्य घेऊन त्यानं राज्य बळकावलेलं, आणि बाई रोज सांगायच्या, याच्यासारखे व्हा. "भिंतीवर टांगलेला माणूस दिसला की मी आधी खिळा बघते," ती म्हणाली. "खिळा कुणी ठोकला?"

तात्यानं नकळत मागं वळून पाहिलं. त्याच्या डोक्यावर शेठचं कॅलेंडर होतं.

मग तिनं पिशवीतून वाद्य काढलं. तंबोऱ्याचं पिल्लूच, एवढंसं, वाटोळ्या पाठीचं. नव्या तारा चढवल्या आणि वाजवायला लागली. काय सांगू, पाण्यावर ऊन चमकावं तसा आवाज. जनरलच्या काळात हे वाद्य घरात ठेवायलाही लोक घाबरायचे म्हणे, कारण गरिबांची गाणी त्यावर वाजायची. ती तात्याकडे बघून म्हणाली, आणि रेखानं अडखळत सांगितलं, "आमच्याकडे मत काढून घेतलं आणि वाद्यंही काढून घेतली. तुमच्याकडे मत देऊन वाद्यं घेतात?"

"हिला सांग, ब्यांजो लय मोठा असतो," तात्या म्हणाला. आता या माणसापुढं कुणी डोकं फोडायचं?

इनेस उठली, अंगणात गेली, रुमाल हातात घेतला आणि नाचायला लागली. रुमाल उंच धरायची, कुणाला तरी वाट द्यावी तशी बाजूला सरायची, गोल फिरून पुन्हा समोर यायची. समोर कुणीच नाही.

मंदानं हळूच विचारलं, "जोडीदार कुठंय हिचा?"

हा नाच जोडीचाच, रेखानं विचारून सांगितलं. पण मावशीच्या नवऱ्याला सैनिक घेऊन गेले ते परत आणलंच नाही. तेव्हापासून मावशी आणि तिच्यासारख्या बायका आपापल्या माणसाचा फोटो छातीला लावून एकट्याच नाचतात, त्याची जागा मोकळी ठेवून. भर चौकात.

आणि मग दोन वर्षांपूर्वी जनरलनं लोकांना विचारलं, मी राहू की जाऊ? त्याला वाटलं, सगळे 'राहा' म्हणतील. गावात अफवा, की आत कॅमेरा आहे, जनरलला सगळं दिसतं. मावशी इतकी घाबरली की आत जाऊन तिनं अंगावरची शाल डोक्यावरून पुढं ओढली, मतपत्रिकाही शालीत घेतली, आणि छापलेल्या आडव्या रेघेवर उभी रेघ मारली, तिकडं मताची खूण तीच. 'राहा'पुढं मारली की 'जा'पुढं, ते आजवर इनेसलाही सांगितलं नाही; जनरल मात्र हरला. "तीच माझी आदर्श," इनेस म्हणाली, "पण फोटो लावला तर मारेल मला."

सकाळी भाकऱ्या थापताना मंदा मला म्हणाली, "आत्या, शेठची माणसं सांगतात, शिक्का कुठं मारला ते घडीतून बाहेरून दिसतं."

"दिसत नाही. आणि दिसलं तरी त्यांना वाचता कुठं येतंय?"

ती हसली नाही. "आणि नारळाचं काय? देवीपुढं शब्द दिलाय. मी मोडला, आणि पोरांना काय झालं तर?"

हे खरं दुखणं. कॅमेऱ्याला शाल पुरते, देवीला कुठून आणायची? मी परातीत पाहिलं. म्हटलं, "मंदे, नारळावर हात कुणाचा होता?"

"मामांचा." सासऱ्याला ती मामा म्हणते.

"तेव्हा तुझा हात कुठं होता?"

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. मनगटापर्यंत तांदळाचं पीठ. "इथंच. परातीत."

"मग? देवी बाई आहे. कुणाचा हात कुठं होता ते तिला कळतं. नसेल कळत तर ती देवी कसली, शेठची कारकून."

तिनं भाकरी उलटली.

बायकांना न्यायला शेठचा टेम्पो आला. गुरं भरावीत तशा भरल्या. वर ब्यांजोची टेप. विरोधात एक मास्तर उभा होता, त्याच्याकडे एक सायकल आणि जुनाट खोकला. त्याच्यावरही माझा काही भरवसा नव्हता, खोटं कशाला लिहू? इनेस आणि मी शाळेच्या कुंपणाबाहेर चिंचेखाली उभ्या राहिलो. दारात शेठची माणसं प्रत्येक बाईला डोळ्यांनी तोलत होती. मंदाची पाळी आली. दारातून मला तिची पाठ दिसली. पुठ्ठ्याच्या आडोशाशी ती पोचली, थांबली, आणि डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून पुढं ओढला. एवढा पुढं, की नव्या नवरीनंही ओढला नसेल.

इनेसनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी वाढवली. (फुटली म्हणायचं नसतं, माहीत आहे ना तुला?)

घरी आल्यावर तात्यानं ओटीवरूनच विचारलं, "सूनबाई, शब्द पालला ना?"

"तुमचा शब्द तुम्ही पाळलात ना, मामा?"

"म्हंजे काय! पयला शिक्का माजा."

"मग झालं तर," मंदा म्हणाली आणि हंडा उचलून वळशाच्या वाटेला लागली.

मी धावत तिच्या मागं गेले. भिंतीच्या कोपऱ्यावर गाठलं. "मंदे, मला तरी सांग. कुणाला दिलंस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, हंडा दुसऱ्या कमरेवर घेतला. "आत्या, ते सांगायचं न्हाय."

मला! जिनं तिला नारळातून सोडवलं, तिला! भिंतीला टेकून मी इतकी हसले की विहिरीवरच्या बायका बघायला लागल्या.

गाड्या सुरू झाल्यावर इनेस वज्रेश्वरीला गेली. मी ठाण्याहून पेणला परतले. वाटेत ते ताडाएवढे शेठ उतरवायचं काम चाललं होतं. पाठीमागून बघितलं तर नुसत्या फळ्या आणि खिळे. निवडून आला तो शेठच, तुला काय वाटलं? ब्यांजो मात्र अजून आलेला नाही; गणपतीला मंदा माहेरी आली तेव्हा सांगत होती, तात्या अजून वाट बघतोय. भिंतही तिथंच आहे. मंदा तिला वळसा घालते, पण कुणाला मत दिलं ते आजवर कुणालाही सापडलेलं नाही. त्या सबंध गावात तिच्या मालकीची एवढी एकच वस्तू आहे, आणि ती तिनं मलाही दाखवली नाही.

आणि तू, शिकलेली, पुण्यात राहणारी, कुणाच्या टेम्पोत न बसणारी, ती वस्तू माथेरानला घोड्यामागं टाकून आलीस.

जाऊ दे. मिरगुंडं तळून ठेवलीयेत, निवट्याही आणवते. पेणला ये लवकर, सुधे. पण पुढच्या निवडणुकीनंतर येशील तेव्हा आधी दारातून बोट दाखव, मगच आत ये. कुणाला दिलंस ते मी विचारणार नाही.